उरलेल्या दोऱ्याची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा घरबसल्या शिवणकाम, हे मृत्युपत्र माझ्याच घराच्या गल्लीकडच्या खोलीत, माझ्याच मशीनसमोर बसून लिहिले आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मुलाला माझ्या डोक्याविषयी पूर्वीपासून शंका आहे. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. तेवढी कोणाची छाती नाही. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात मी सगळ्यांशी फारच गोड वागले होते.

वकिलांनी मसुदा पाहून सांगितले, "बाई, एवढे टोमणे नकोत. मृत्युपत्र सुटसुटीत असावं."

मी म्हटले, "टोमणे काढले तर उरेल काय? एक घर आणि एक मशीन. त्याला वकील कशाला लागतो?"

त्यांनी पेनाला टोपण लावले.

कलम १. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गल्लीकडची शिवणाची खोली असे हे घर माझ्या नावावर आहे. ते मुलाला द्यावे. त्याने ते कमावले म्हणून नव्हे, तर दुसरीकडे कुठे त्याचा निभाव लागेल असे वाटत नाही म्हणून. न्हाणीघराच्या दाराची कडी अकरा वर्षांपासून बसवायची राहिली आहे. दर वेळी तो "बघतो आई" म्हणतो. आता बघावे, दार त्याचेच आहे. सुनेसाठी वेगळे कलम घातलेले नाही. ती माझ्यासमोर "हो आई" याच्या पलीकडे कधी गेली नाही. अशा माणसाला काय द्यावे तेही कळत नाही.

कलम २. बँकेतली ठेव आणि दोन बांगड्या लेकीला. मशीन तिला नाही, याचे कारण लिहून ठेवते, म्हणजे मागून रुसवेफुगवे नकोत.

लेकीने हौसेने कापडाच्या कडा बांधणारे, स्वतःचे ओव्हरलॉक मशीन घेतले आणि मला ते बघायला बोलावले. मशीनला चार दोरे लागतात, म्हणून बाईसाहेबांनी प्रत्येक रंगाच्या दोऱ्याचे चार-चार कोन आणून भिंतभर मांडले होते. मी विचारले, "ही चार जांभळी कोणत्या जन्मी संपणार?"

"दिसायला किती छान दिसतात ना गं!"

मग तिने एक पिशवी शिवून दाखवली. मशीनच्या दाबपट्टीखाली कापड नसताना ओव्हरलॉक चालले की नुसत्या दोऱ्याचीच शेपटी विणली जाते. तिने प्रत्येक शिवणीच्या आधी वीतभर आणि नंतर हातभर शेपटी काढली आणि कचकन कापून टाकली. रंग बदलायची वेळ आली तेव्हा चारही दोरे उपटून काढले आणि पहिल्यापासून ओवायला बसली. पाऊण तासाने रडकुंडीला आली. मी एक अक्षर बोलले नाही. हे मुद्दाम नोंदवते, कारण असे प्रसंग माझ्या आयुष्यात फार नाहीत.

कलम ३. पुढील गोष्टी कोणाच्याही मालकीच्या नाहीत. ज्याला हव्यात त्याने घ्याव्यात. रंग बदलताना जुना दोरा कोनाजवळ कापावा, नव्याची गाठ त्याला मारावी, दोऱ्याचा ताण सैल करावा आणि हळूच ओढावे. जुना दोरा नव्याला आपल्या वाटेने घेऊन येतो. सुईच्या नेढ्यातून मात्र गाठ जात नाही. तिथे ती कापावी आणि हाताने ओवावे. यालाही ज्यांना कंटाळा येतो त्यांनी कपडे विकत घ्यावेत. एक तुकडा संपला की लगेच कात्री उचलू नये. दोन बोटे जागा सोडून पुढचा तुकडा सरकवावा आणि सगळी माळ झाली की एकदम कापावे. कापडाशी जुळणारा दोरा फक्त सुईला लावावा. खालचे दोन लूपर, म्हणजे कडेला दोऱ्याचे फास विणणारे आकडे, सगळ्यात जास्त दोरा खातात, त्यांना करडा पुरतो. तुमच्या शिवणीच्या आत कोणी डोकावून पाहावे इतके तुम्ही मोठे लागून गेलेला नाहीत. कोन कमी पडला तर दुसऱ्या कोनाचा दोरा रिकाम्या रिळावर भरून घ्यावा. आणि कापडाची मागावरची मूळ किनार कधी सुटत नाही. तिलाही ओव्हरलॉक करणारी बाई दिसली, तर तिला माझ्या वतीने हसावे.

कलम ४. ओव्हरलॉक मशीन, त्याची पेटी, चिमटा, दोन कात्र्या आणि उरलेले सर्व कोन. हे कलम लांबले आहे, त्याला इलाज नाही.

नवरा गेला तेव्हा मुलगा सातवीत होता. शाळेचे गणवेश करणाऱ्या एका कारखान्यातून मी कापलेले तुकडे घरी आणून शिवू लागले. समोरच्या घरात राहणारी बाईही तेच काम आणत असे. तिला मी पहिल्यापासून समोरचीच म्हणते. आमच्यातली गल्ली इतकी अरुंद, की तिच्या घरात कप फुटला तर मला कोणता ते कळे.

गठ्ठ्याबरोबर मालक दोऱ्याचे कोन देई. बाकीच्या बायांचे संपत, माझे निम्मे उरत आणि मी ते परत करी. एकदा मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "टाके विरळ मारतेस तू. नाहीतर दोरा उरेल कसा?"

मी माझ्या गठ्ठ्यातला एक स्कर्ट त्याच्या हातात दिला. "ओढा."

त्याने ओढला. आधी नुसत्या हातांनी, मग टेबलाला पाय टेकवून. शेवटी कापड फाटले, शिवण जशीच्या तशी राहिली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मालकाचे कान लाल झाले. एवढ्यावर थांबले असते तर तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस ठरला असता.

बाया गेल्यावर त्याने मला थांबवले. "मग करतेस तरी कसं?" आणि मी सांगितले. त्याच्या मशीनवर बसून सगळे करून दाखवले. वर म्हटले, "त्यांना निम्मा दोरा दिलात तरी पुरेल. नुसत्या आळशी आहेत."

पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांना निम्मे कोन मिळू लागले.

संध्याकाळी समोरची माझ्या दारात आली. "मालकाच्या डोक्यात हे कुठून शिरलं कोण जाणे. तुला कसं पुरतं गं? मला दाखव ना."

तिचे मशीन जुने होते, दोरा भसाभस ओढणारे. मी म्हटले, "डोळे आहेत ना? बघून शीक." आणि दार लावून घेतले.

दोरा पुरवायला तिने टाके विरळ केले. तिचे गणवेश पहिल्याच धुण्यात उसवले आणि शाळेने ते परत पाठवले. मालकाने तिला काढून टाकले. पुढे ती इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालायला जाऊ लागली. त्या दिवसापासून चोवीस वर्षे आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

म्हणून पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की मशीन समोरचीला द्यावे, आणि मालकाला अक्कल शिकवणारी मीच होते हे तिला वाचून दाखवावे. ते पाहून वकिलांनी चष्मा काढला.

"म्हणजे त्यांना हे तुम्ही गेल्यावर कळणार?"

"हो."

"आणि त्या काही बोलल्या तर ऐकायला तुम्ही नसणार. सोयीचं आहे."

टोमणा मारणे हे माझे काम. मला कोणी मारत नाही. हा बसला.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन गल्ली ओलांडली. समोरची घरात भाजी निवडत होती. तिने मला बसायला सांगितले नाही. मी उभ्यानेच तिला सगळे वाचून दाखवले.

"झालं वाचून?" ती म्हणाली.

"मशीन तुला देतेय."

"नको मला. बोटं वाकलीत माझी. आणि तुझं तर मुळीच नको."

"मग कोणाला देऊ?"

"सुनेला दे."

मी हसले. "तिला? तिला सुई कुठली आणि लूपर कुठला तेही ठाऊक नसेल."

"तू बाहेर गेलीस की ती बसते मशीनवर. गाठ मारून दोरा ओढते, तुकडे ओळीने सोडते. मला खिडकीतून दिसतं सगळं. तुझ्यासमोर कशी बसेल ती? तू कोणाला धड श्वास तरी घेऊ देतेस का?"

घरी येऊन मी मशीनखालचा, कापलेल्या दोऱ्याच्या शेपट्यांचा डबा जमिनीवर उलटा केला. दोन बोटांहून लांब एकही नव्हती. माझ्या कोणत्या आणि तिच्या कोणत्या, हे मला ओळखता आले नाही.

तेव्हा मशीन, पेटी, चिमटा, कात्र्या आणि सर्व कोन सुनेला द्यावेत. कलम १ मधले तिच्याविषयीचे वाक्य तसेच ठेवावे. त्यात वेडेपणा कोणाचा दिसतो ते वाचणाऱ्याला कळेल.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. त्यांची जीभ बरी आहे. ते म्हणतात, साक्षीदार असा असावा ज्याला या कागदातून काहीही मिळायचे नाही. ज्याला माझ्याकडून काहीच नको, असे माणूस मला समोरच सापडले. ती तयार झाली, पण म्हणाली, "आधी सगळं वाचीन."

आज तिने सगळे वाचले. माझ्या एकाही टोमण्याला हसली नाही. कलम ४ मध्ये, तिला कामावरून काढले त्याच्याखाली, मी एक वाक्य घातले होते, की असे काही होईल याची मला तेव्हा कल्पना नव्हती. तिने त्यावर बोट ठेवले.

"हे काढ."

"का?"

"माझं मशीन तुझ्या खिडकीतून दिसायचं. ते किती दोरा खातं हे तुला माझ्याआधी ठाऊक होतं."

मी ते वाक्य खोडले आहे. खोडलेल्या जागी आम्हा दोघींच्या सह्या आहेत.

सह्यांचे ठिकाण: समोरच्या घरातली बाहेरची खोली
तारीख: २१ नोव्हेंबर २०२३, मंगळवार

लिहून ठेवणारीची सही

साक्षीदार १: दाखला देणारे डॉक्टर, सही

साक्षीदार २: समोरच्या घरात राहणारी, धुलाईखात्यातून निवृत्त. सही वेडीवाकडी असली तरी तिची स्वतःचीच आहे आणि माझ्यासमोर केलेली आहे.