कोतवालासाठी तीन दरपत्रकं

सोमवार, ६ नोव्हेंबर

ठरलं! कोतवालाची सोय लावायची आणि आम्ही दोघांनी लेकीकडे जायचं. तिची तारीख वीसची आहे. ही म्हणते, पंधराला निघू. पहिलं बाळंतपण, आई-बाप दोघंही हवेत.

आता कुत्रा सांभाळणारं कुणी शोधणं म्हणजे शेवटी खरेदीच. आणि खरेदीत माझा जन्म गेला! कारखान्यात तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय मी साधा खराटा घेतला नाही. हिला म्हटलं, तू निश्चिंत राहा. ही म्हणाली, "त्याचीच भीती वाटते."

अंदाजपत्रक — पाच हजार. खाणं धरून.

मंगळवार, ७

पहिली संस्था बघितली. कुत्र्यांचं वसतिगृह. काचेचं दार, आत गारेगार. टेबलामागच्या मुलीनं 'या, या' म्हटलं ते कोतवालाला. मी उभाच. मग मला विचारते, याला संगीत कोणतं आवडतं? म्हटलं, कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली जातो, त्यावरून काय ते ठरवा. तिनं ते लिहून घेतलं!

रोजचा दर ऐकून मी पाणी मागितलं. त्यात आंघोळ धरलेली नाही. नखं वेगळी. रोज फोनवर कुत्र्याचं तोंड दाखवायचं तर तेही वेगळं. म्हटलं, एवढ्यात मीच राहतो की इथं. "माणसं घेत नाही, सर." हसलीसुद्धा नाही.

गुरुवार, ९

दुसरा — कुत्री फिरवणारा पोरगा. घरी येऊन खायला घालणार, दोन वेळा बाहेर नेणार. दर वाजवी. पण प्रात्यक्षिक बघितल्याशिवाय मी कधी ऑर्डर दिलेली नाही. तो आला तोच सहा कुत्री घेऊन. कोतवाल फाटकापर्यंत डौलात गेला, तिथं मांजर दिसलं आणि जो खाली बसला तो बसलाच. सहा कुत्री पुढं ओढतायत, हा मागं, मधे तो बिचारा आडवा-तिडवा! शेवटी कोतवालाला खांद्यावर टाकून परत आणला.

"काका, उचलून न्यायचे जादा पडतील." रास्त आहे. वीस किलोचं धूड आहे.

कोतवाल हे नाव हिनं ठेवलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

शुक्रवार, १०

तिसरं दरपत्रक. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई. कोतवाल एरवीही दुपारभर त्यांच्या मशीनखाली लोळत असतो. दर विचारला. "द्याल ते."

म्हटलं, बाई, आकडा सांगा. "अहो भाऊ, द्याल ते!" बरं, मग लेखी द्या. तासाभरानं कागद खाली आला. 'द्याल ते.' खाली सही!

आता हे तक्त्यात कसं भरू? रकान्यात आकडाच नाही तर तुलना कशाशी करायची? नियमाप्रमाणे दरपत्रक बाद. चौथं मागवणं आलं.

शनिवार, ११

हिला सांगितलं. "बाद?" म्हणाली, एवढंच. मग भांडी फार वाजली.

सोमवार, १३

जनावरांच्या दवाखान्यात पिंजरा मिळतो, सगळ्यात कमी दरात. टेप घेऊन गेलो आणि पिंजरा मोजला. शेपूट बाहेर राहतं. डॉक्टर म्हणाले, "अहो, शेपूट दुमडतं." असेल! मी लेखी हमी मागितली. त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. पुढचा पेशंट बोकड होता.

बाद.

बुधवार, १५

ही गेली. एकटीच. तिकीट आधीच काढलेलं होतं — एकच! "तुमचा तक्ता पुरा झाला की या," म्हणाली. निघताना कोतवालाच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरात नुसता घड्याळाचा आवाज. आमटी करपली.

गुरुवार, १६

सकाळीच शिवणकामवाल्या बाई दारात. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पट्टा. "वहिनींनी दोघांचे पैसे देऊन ठेवलेत."

कुणा दोघांचे?

"कुत्र्याचे नि तुमचे. त्याला दोनदा फिरवायचं, तुम्हाला संध्याकाळी एकदाच. आणि रक्तदाबाची गोळी समोर उभं राहून गिळायला लावायची." कुत्र्याला? "तुम्हाला हो!"

मला न विचारता! दरपत्रक न मागवता! म्हटलं, त्याचे किती नि माझे किती? "तुमचे दुप्पट. वहिनी म्हणाल्या, कुत्रा बोलत नाही."

डब्यातली भाजी चांगली होती. बोललो नाही.

शुक्रवार, १७

संध्याकाळी फिरवून आणलं. मला आधी, कोतवालाला नंतर. आम्ही दोघं एकत्र नीट चालत नाही म्हणे.

शनिवार, १८

खरं लिहितो. इथं कोण वाचतंय? पिंजरा हत्तीएवढा असता तरी मी दुसरं काहीतरी खुसपट काढलं असतं. कोतवाल कुठंही राहील, त्याला काय! मलाच जायचं नाहीये. पोर आत विव्हळणार, मी बाहेर बाकावर, आणि माझ्या हातात करण्यासारखं काही म्हणजे काही नसणार. नुसतं बसायचं. आणि हे हिला सांगायची सोय नाही. म्हणेल, बाळंतपण तिचं आहे की तुमचं?

बाईंनी विचारलं, भाऊ, आज भात का टाकलात? म्हटलं, भूक नाही. कोतवालानं भात खाल्ला.

रविवार, १९

सकाळी लेकीचा फोन. "बाबा, आईला सांगू नका. मला भीती वाटतेय."

"मलाही," म्हटलं. आधी तीच हसायला लागली.

दहाची गाडी आहे. कोतवालाला वर सोडला. बाईंना म्हटलं, तुमच्याकडचा एक कमी झाला.