अंजिराला घातलेलं पाणी

लाडके वसीले,

बोलतेय मी, लिहितेय माझी नात रीम. हिने मध्ये काही घुसडलं तर कान हिचा पिळ.

या उन्हाळ्यात आम्ही तिघी म्हाताऱ्या शादलिया मास्तरणीच्या छोट्या शिडाच्या नौकेतून किनाऱ्याकिनाऱ्याने उनाडतोय. सलक्ता झालं, शेब्बा झालं. मी नुसते हुकूम सोडते. आमच्यातली तिसरी, महबूबा, म्हणते, "अगं, नौका हाकतेस की सून?"

लग्न करून तू केर्केन्ना बेटावर निघालीस, तेव्हा तुझ्या पाठीमागे ओतायला आईने मला कळशीभर पाणी दिलं होतं, तू परत यावीस म्हणून. तुझा नवरा मला आवडला नव्हता. मी ते पाणी अंगणातल्या अंजिराला घातलं. चाळीस वर्षं तू फिरकली नाहीस. अंजीर मात्र माजलाय.

उद्या आम्ही केर्केन्नालाच निघतोय. रीम विचारते, "आजी, मग पत्र टाकायचं कशाला?" खरंच, नकोच. पोस्टमनच्या आधी मीच पोचेन, टोपलीभर अंजीर आणि हे पत्र घेऊन.

परतताना धक्क्यावरून माझ्या पाठीमागे तू पाणी ओत. समुद्रात ओतलेलं चालतं की नाही, ते मी पुन्हा आले की कळेलच.

तुझी हट्टी थोरली,
मबरूका