खाऱ्या पाण्याची टाकी आणि कुंपणाकडची पट्टी

मी, अरुंधती त्र्यंबक ओगले, वय एकाहत्तर, जीवशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार तुंगार्ली, लोणावळा, गुडघे सोडून बाकी सर्व ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र करते. याआधी केलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी मुलगा विहंग व मुलगी अनुष्का यांना समसमान. दागिने अनुष्काला. ती घालणार नाही, तरी तिलाच. अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. दिवाणखान्यातील खाऱ्या पाण्याची टाकी, मासे, प्रवाळ, दगड व सर्व यंत्रांसह, शेजारच्या दत्तोबा हुलावळे यांची सून कोमल हिला द्यावी. माझे गुडघे गेल्यापासून तीच ती सांभाळते.

३. यंत्रांबद्दल लिहिणे भाग आहे, कारण विहंग ती बदलायचा सल्ला कोमलला नक्की देईल. माझे यजमान त्र्यंबक यांनी आधी बंद डब्यातला फिल्टर आणला होता. घाण त्यातल्या स्पंजात अडके, पण उघडून धुवायचा त्यांना कंटाळा. ती आतच कुजली, पाण्यात नायट्रेट वाढले, प्रवाळ मिटून गेले. मग मी टेबलाखाली दुसरी टाकी बसवून त्यात स्किमर लावला. तो पाण्याचा फेस करतो आणि फेसाबरोबर घाण कुजण्याआधीच वरच्या पेल्यात चढते.

"अगं, एवढा पसारा? समुद्र घरात आणायचाय का?" त्र्यंबक म्हणाले.

"हो, तोच आणायचाय."

पुढे तो पेला तेच धूत, आणि धुण्याआधी त्यातला काळा रस पाहुण्यांना कौतुकाने दाखवत.

४. कोमल, दगड नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नकोस. पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू त्यांतच राहतात, ते क्लोरीनने मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच ते हलवून घे. पाणी उडून कमी झाले तर आरओचे गोडेच घाल. मीठ उडत नाही. सगळी सफाई एकाच दिवशी नको.

५. कुंपणाकडची जमिनीची वादातली पट्टी दत्तोबांना द्यावी. ती माझीच आहे असे मला आजही वाटते, म्हणून तर देता येते.

त्र्यंबक गेले त्या दिवशी त्यांना दिवाणखान्यात ठेवले होते. विहंगने टाकीचा पंप बंद केला. "आई, बाबा गेलेत आणि ही खळखळ ऐकवत नाही." दुपारी दत्तोबा आले. कोर्टात दावा लागल्यापासून त्यांनी आमची पायरी चढली नव्हती. पाया पडून उठले आणि टाकीपाशी थबकले.

"वहिनी, मासं वर येऊन तोंडं वासत्यात. कायतरी बंद पडलंय जनू."

सकाळपासून मी जागची हलले नव्हते. उठले, बटण दाबले. जमलेले लोक बघत राहिले. मासे खाली उतरेपर्यंत दत्तोबा तिथेच उभे होते. पुढे मी दावा काढून घेतला.

आज त्यांना साक्षीदार व्हायचे होते. मिळणाऱ्याने साक्ष करू नये, असे वकील म्हणाले, तर "बरं, मी भाईर बसतो," म्हणून ओट्यावर बसले आहेत.

६. विहंग, पंपावरून माझा तुझ्यावर राग नाही. तुला त्या दिवशी शांतता हवी होती. मला घरात काहीतरी चालू राहायला हवे होते.

वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमक्ष केली.

अरुंधती त्र्यंबक ओगले

साक्षीदार :
शुभदा दामले, तळेगाव
हनुमंत शिंदे, कान्हे

लोणावळा, ११ नोव्हेंबर २०२४