उजवी फेरी

आते, मोटारसायकल क्लबच्या स्मरणिकेत मी लिहिलं की बाबा शर्यतीच्या शेवटच्या फेरीत, डाव्या वळणावर पडले. ते चूक आहे. शर्यत तेव्हा संपली होती आणि ती त्यांनीच जिंकली होती. छापून गेलेलं आता पुसता येत नाही, म्हणून निदान तुला खरं ते सांगते. अर्थात, ते तुला माझ्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

बाबा सुर्लाला खाणीच्या ट्रकांच्या गॅरेजात मेस्त्री होते, पण आयतवारी ते पैसे घेऊन मातीच्या मैदानावर मोटारसायकल पळवत. कोल्हापूर, बेळगाव, कधी आपल्या डिचोलीत. त्या गाडीला ब्रेक नसतो. मैदान लंबगोल, आणि फिरायचं ते नेहमी डावीकडे वळत. वळणावर गाडी आडवी घालून डावा पाय जमिनीला घासत न्यायचा, म्हणून त्या बुटाखाली त्यांनी ट्रकच्या फाळक्याचा पत्रा कापून बसवला होता. शनिवारी कोरगावला घरी आले की तो बूट चुलीपाशी ठेवत, आणि तू तो काठीने बाहेर ढकलायचीस.

मी शाळेत जाण्याआधी तुझ्याकडे शिकले. अक्षरं राखेत, अंक तुळशीभोवती. बाबा मैदानावर जितके उलटे फिरतील तितकं मी तुळशीला सुलटं फिरायचं, म्हणजे त्यांचं फिटतं, असा तुझा हिशेब. त्या वर्षांत मराठी की कोकणी यावरून शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले होते. तू मला पाढे मराठीत म्हणायला लावायचीस आणि चुकले की बोलीत रागवायचीस. त्यातलाच एक शनिवार. बाबा पाटावर जेवताहेत, तू चुलीशी पाठमोरी.

"देवाक उजव्यान फिरतत. तू दर आयताराक उलटो फिरतस."

"देवाक सांग गो ताये, उजव्यान फिरलंय तर माका मैदानातसून भायर काढतले."

"मगे शर्यत झाल्यार फिर. एकच फेरी. पोरीच्या माथ्यार हात ठेवन सांग."

बाबा हसले आणि त्यांनी हात पुढे केला. तू म्हणालीस, "उष्टो हात नको. धूवन ये." भरल्या ताटावरून तू त्यांना उठवलंस. ते हात धुऊन आले, ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला, शब्द दिला आणि मला डोळा घातला. मला ते सगळं खेळासारखं वाटलं.

गेल्या महिन्यात बाबांच्या बरोबरीचा बेळगावचा एक रायडर स्मरणिका घेऊन मी काम करते त्या वाचनालयात आला. आता पार थकलाय. उभ्या उभ्याच म्हणाला, "ताई, तुमी चुकीचं लिवलंय. शर्यतीत पडायचा गडी नव्हता त्यो. समदी बाहेर गेली की एकटाच उलटी फेरी मारायचा. आमी हसायचो. म्हनायचा, भैनीला शबूद दिलाय." मग त्याने टेबलावर बोटाने वळण काढून दाखवलं. गाडीची सगळी बांधणी डावीकडच्या वळणाची. उजवीकडे वळताना डाव्या पायातलं लोखंड काय कामाचं? त्या दिवशी उजवा पाय टेकला, साधा बूट मातीत रुतला, गाडी अंगावर आली. "निरोप घेऊन मीच आलो होतो की. आत्याबाईंना तवाच समदं सांगितलं, पडवीत. त्या म्हनल्या, घरात काय बोलू नगा."

बाबांच्या दहाव्याला तू न्हाणीत माझे केस धूत होतीस. मी आठ वर्षांची. पाणी ओतता ओतता म्हणालीस, "तुळशीक तुजी एक फेरी कमी पडली गो." तुला खरं कळून नऊ दिवस झाले होते. तेव्हापासून मी कुलूप लावते आणि परत जाऊन ओढून बघते, पत्ता लिहिते आणि पुन्हा पडताळते. वाचनालयातले हसतात. तुझ्यावर अन्याय नको म्हणून मी खूप विचार केला. तुझा एकुलता भाऊ गेला, तोही तुझ्याच शब्दापायी. ते ओझं पेलवणं कठीण होतं, हे मला कळतं. पण ते उतरवून ठेवायला तुला घरात माझ्याहून मोठं माणूस सापडलं नाही.

आई अजून बाबांचं नाव घेत नाही. कुणी काढलंच तर म्हणते, "आमच्यापेक्षा तेका कप मोठो होतो." त्यांचा फोटो ट्रंकेत आहे. तुझ्या तसबिरीला मात्र ती रोज फूल वाहते, कारण ते गेल्यावर तू तिला धरून राहिलीस, आणि तेही खोटं नाही. मी सांगितलं तर नवरा तिला परत मिळेल आणि तू जाशील. या वयात तिच्याकडून तुला काढून घ्यावं का, यावर मी महिनाभर अडले. न सांगावं तर ती त्यांना दोष देतच मरेल. तू तर ते चालवून घेतलं असतंस. मला नाही जमणार.

हा कागद आईच्या हाती लागण्याआधी मी फाडून टाकीन. आणि खरं म्हणजे हा तुला लिहिलाच नव्हता. तिच्यासमोर वाक्यं कशी उभी राहतात, ते पाहत होते. येत्या शुक्रवारी, ती म्हापशाच्या बाजारातून आली की सांगेन.