दोन्हीकडं पिना असलेली वायर

अमृतभाऊजी,

जनरेटर मी बंद केलाय. परत चालू करू नका, गाईंच्या धारा आज हातानं काढा.

मेन स्विच न पाडताच तुम्ही जनरेटरची ती दोन्हीकडं पिना असलेली वायर भिंतीतल्या सॉकेटात घातली. सगळ्या वस्तीची लाईट गेलेली असताना शेजारी भागिरथीकाकूंच्या घरातला बल्ब मिणमिणायला लागला. म्हणजे आपला करंट उलटा खांबावर गेला.

त्याच लाईनीवर कॅनॉलजवळ तुमचे दादा तार जोडायला चढलेत. लाईन बंदच आहे म्हणून त्यांचे वायरमनचे हातमोजे इथंच खुंटीला ठेवून गेले. त्यांचा फोन वाजतोय, पण उचलत न्हाईत.

हातमोजे घेऊन मी तिकडं चाललेय. आईंनी विचारलं तर दादा कामावर आहेत, एवढंच सांगा.

वहिनी