जिन्याखालचं न्हाणीघर

४ फेब्रुवारी

फरशीवाला आला, भिंत बोटाने टकटक वाजवली आणि मान हलवली. "ताई, इथे टाइल्स लावल्या तर टाइल्ससकट भिंत खाली येईल." भिंत तरी कसली — लाकडाच्या चौकटीवर ठोकलेला पातळ बोर्ड. जिन्याखालच्या या खोलीत आजवर गाद्या, रद्दी आणि एक मोडका पंखा राहत होता. त्यांची काही तक्रार नव्हती.

"कुणासाठी एवढी घाई?" त्याने विचारलं. सासूबाईंसाठी, म्हटलं. खुब्याचं ऑपरेशन झालंय, जिना चढायला मनाई, आणि न्हाणीघर वरच्या मजल्यावर. "मग तुमचे मिस्टर काय म्हणतात?" मिस्टर घटस्फोट घेऊन केव्हाच दुसऱ्या गावी गेले, म्हटलं. तो टेप गुंडाळत राहिला. जरा वेळाने हळूच म्हणाला, "म्हणजे त्या तुमच्या आता..."

"आई," म्हटलं. हिशेब लावत बसला असता तर त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाला उशीर झाला असता.

६ फेब्रुवारी

पुनर्वसन केंद्रात जाऊन आईंना भेटले. ऑपरेशननंतर त्यांना तिथेच ठेवलंय, चालायचा सराव करून घेतात. आज घुश्शात होत्या. उभा जन्म लोकांना पोहायला शिकवण्यात गेला, आणि आता रोज सकाळी दोन बायका येऊन ओल्या फडक्याने अंग पुसून जातात. "टेबल पुसतात ना, तसं," म्हणाल्या. "खुबा मोडलाय. मी नाही मोडले."

महिनाअखेर सोडतील. पण घरी खालच्या मजल्यावर आंघोळीची सोय असेल तरच. नाहीतर लेकाकडे जायचं. त्याचा फोन येऊन गेलाच होता — लिफ्ट आहे, बाथरूम मोठं आहे, ये इकडे. आईंचं तोंड एवढंसं झालं होतं. "तिथे मी पाहुणी गं. पाहुण्याला पंखा लावायचा तरी विचारावं लागतं."

माझ्या तोंडून निघून गेलं — काळजी करू नका, महिनाअखेर न्हाणीघर तयार असेल. बाहेर रस्त्यावर आल्यावर भानावर आले. कसं तयार असेल? कोण करणार?

७ फेब्रुवारी

सापडलं!

एक माणूस व्हिडिओत आपल्या राहायच्या गाडीत न्हाणीघर करत होता. दाट फोमचे बोर्ड, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड, त्यावर इपॉक्सी नावाचं डिंकासारखं रसायन. वाळलं की कडक होतं, पाणी आत शिरत नाही, आणि वजन म्हणाल तर अख्खा बोर्ड तो एका हाताने उचलून फिरत होता. आमच्या अशक्त भिंतीला असंच स्थळ हवं.

आणि कापड मापात कापायचं, पसरायचं, सुरकुत्या काढायच्या — हे तर मी पडद्यांच्या दुकानात रोज करते!

९ फेब्रुवारी

बोर्ड आणले. कापड आणलं. दुकानदाराने एक डबा पुढे केला, "फायबरचं काम ना? सगळे हेच नेतात." नेला. नशीब, आधी एका तुकड्यावर लावून पाहिलं. फोम आधी सुरकुतला, मग आत बसला, मग तिथे नुसता चिकट खड्डा राहिला. माझ्याबरोबर फटाफट होती. दुकानात शेजारच्या मशीनवर बसते, सगळं फटाफट करते म्हणून हे नाव. तिने खड्ड्याकडे बघून शांतपणे विचारलं, "यात आंघोळ करायची का तुझ्या सासूने?"

डबा परत केला. ते पॉलिस्टर रेझिन होतं, ते फोम खातं. इपॉक्सी खात नाही. दुकानदार म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." मला वाटलं, त्याला माहीत असेल.

१० फेब्रुवारी

बोर्ड कापले. खोली कुठूनही काटकोनात नाही. कागदाचे नमुने काढून मग कापले, तिरक्या खिडकीच्या पडद्याला करतो तसं. घरभर फोमचा निळा चुरा. चहातही.

१२ फेब्रुवारी

आज मोठा घोटाळा.

इपॉक्सीचे दोन भाग असतात, ते मापाने मिसळायचे. मिसळल्यावर घाई करायची, कारण ते घट्ट व्हायला लागतं. फटाफट म्हणाली, थोडं थोडं कशाला, एकदाच बादलीभर करू, सटासट लावून मोकळे. मीही मान डोलावली. पहिला बोर्ड अर्धा झाला नाही तोच बादली गरम लागायला लागली. मग धूर. हातमोजे घालून कशीबशी अंगणात नेली. तिथे ती सूंऽ करत बसली आणि आमच्या डोळ्यांदेखत दगड झाली. रोलर आत, काठी वर.

"बरं झालं बाहेर आणली," फटाफट म्हणाली. तिला रागवावं म्हणून वळले, तर तिच्या मास्कमधून हसू आवरत नव्हतं. मग मलाही आवरेना.

शिकलो ते इतकंच — थोडं कालवायचं आणि पसरट ट्रेमध्ये ओतायचं. बादलीत साठून राहिलं की ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं. तसे माझ्या ओळखीत दोघं तिघं आहेत.

१३ फेब्रुवारी

अर्धा राहिलेला बोर्ड बाद. नवा कापला.

१४ फेब्रुवारी

आज जमलं. कापड अंथरलं, मधोमध इपॉक्सी ओतलं आणि प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडे ओढत नेलं. पांढरं कापड हळूहळू काचेसारखं पारदर्शक होत जातं. हवेचा बुडबुडा राहिला तर लगेच दिसतो, पट्टीने दाबून बाहेर काढायचा. फटाफटसुद्धा घाई विसरली. दोघी गुडघ्यांवर बसून ते बघत राहिलो.

१५ फेब्रुवारी

वाळलं! ठोकून पाहिलं — टणक. वर हाताला थोडं मेणचट लागतं, ते पाण्याने धुऊन मग घासायचं आणि दुसरा थर द्यायचा. उद्यापासून रंग मिसळलेला पांढरा थर.

१७ फेब्रुवारी

पांढऱ्या थरात एक पतंग येऊन बसला. काढायला गेले तर पंख तिथेच राहणार. राहू दे.

घासून घासून खांदे भरून आलेत. दुकानात कात्री हातात धरवेना. मालकीणबाईंनी विचारलं, काय चाललंय घरी? सांगितलं. त्या सगळं काम सोडून ऐकत बसल्या. उद्या एक तुकडा दाखवायला आण म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी

आईंना मोबाईलवर फोटो दाखवले. चष्मा वर खाली करून पाहिले. "चांगलं दिसतंय. आणि धरायचं कुठे?"

"म्हणजे?"

"अगं, ओल्या जमिनीवर उठताना मी काय धरायचं? नळ?"

घरी येताना बसमध्ये तेच डोक्यात. आधाराची दांडी! फोम स्क्रू धरत नाही. दांडी लावली तर आईंचा भार पडताक्षणी स्क्रूसकट हातात येईल. इतके दिवस मी गुळगुळीत, चकचकीत, पाण्याचा थेंब न शिरणारी भिंत केली, आणि ज्या माणसासाठी केली त्या माणसाचं हाड मोडलंय हेच विसरले. रडूच आलं थोडं. बसमधल्या एका बाईने सरकून जागा दिली.

२० फेब्रुवारी

सुतार येऊन गेला. मार्ग आहे. भिंतीच्या लाकडी चौकटीत जाड फळी पक्की ठोकायची, बोर्डाला तेवढ्याच मापाची खिडकी कापायची, म्हणजे फळी बोर्डाच्या सपाटीला येईल. वरून पुन्हा कापड आणि इपॉक्सी. मग दांडीचे स्क्रू थेट लाकडात.

तयार बोर्डाला करवत लावताना डोळे मिटावेसे वाटले. नाही मिटले. करवत होती हातात.

२२ फेब्रुवारी

दांडी लागली. स्क्रूच्या भोकांतही इपॉक्सी भरलं. वाळल्यावर मी दांडीला धरून पाय उचलले. काही झालं नाही. मग फटाफटने माझी कंबर धरून खाली ओढलं. काही झालं नाही. मग ती म्हणाली, आता मी लटकते, तू ओढ. सुतार दारात उभा राहून बघत होता. "ताई, आता पुरे. ती फळी आता घर पडलं तरी पडायची नाही."

२४ फेब्रुवारी

बाकीचे बोर्डही भिंतीवर चिकटवून झाले. कोपऱ्यांत इपॉक्सीची घट्ट पेस्ट बोटाने गोल भरली, सांध्यांवर कापडाच्या पट्ट्या. प्लंबरने जमिनीला उतार देऊन खरबरीत फरशी बसवलीच होती. नळही लावून गेला. तो बोर्डावर हात फिरवत म्हणाला, "हे कुठल्या कंपनीचं?"

"घरचं," म्हटलं. दिवसभर तेच आठवून हसत होते.

२६ फेब्रुवारी

पाण्याची परीक्षा. शॉवर सोडून भिंतीपलीकडे, जिन्याच्या बाजूला, कान आणि हात लावून बसले. कोरडं. तासाभराने पुन्हा. कोरडं.

२८ फेब्रुवारी

आई आल्या. घरात शिरल्यावर बसल्या नाहीत, पाणी मागितलं नाही. वॉकर ढकलत थेट जिन्याखाली. दारात उभ्या राहिल्या. भिंतीवरून तळहात फिरवला, कोपऱ्यात बोट घातलं, दांडी दोनदा हिसकली. पतंगापाशी थांबल्या.

"हा कोण?"

"आला आणि राहिला."

"तुझ्यासारखाच," म्हणाल्या.

मग मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि शॉवर सोडला. त्यांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटून घेतले. कितीतरी वेळ तशाच. पाणी तोंडावरून वाहत होतं. मी पाठीला साबण लावत होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या — "उतार बरोबर आहे. पाणी साचत नाही."

आईंच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदक.

१ मार्च

आईंचा लेक आला होता त्यांना बघायला. फळं घेऊन. न्हाणीघर पाहिलं, ठोकलं. "भारी झालंय. कुणी केलं? नंबर दे ना त्याचा."

आई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "तुझ्याकडे होता की नंबर. तूच पुसलास."

त्याने चहा अर्धाच ठेवला. मग तो गेला. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण भूक लागली होती.

३ मार्च

मालकीणबाईंनी आज आत बोलावलं. दुसऱ्या गावी नवीन वर्कशॉप काढतायत. नुसते पडदे नाहीत, गाड्यांच्या आणि छोट्या घरांच्या आतल्या भिंती, छतं, असले हलके बोर्ड. तो तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला होता. "हे बघूनच डोक्यात आलं. चालवायला तू हवीस. राहायची खोलीही तिथेच आहे."

मी तिथल्या तिथे नकार दिला. घरी आई आहेत. मालकीणबाई म्हणाल्या, विचार कर. विचार काय करायचा?

रात्रीच्या जेवणात आईंना गंमत म्हणून सांगितलं. "मालकीणबाईंना मी कारखानदार वाटायला लागलेय." आई हसल्या. कुठलं गाव, ते विचारलं. मग भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या.

४ मार्च

आईंनी आज मला न्हाणीघराबाहेर उभं केलं. "मी एकटी करते."

"अहो आई, पडलात तर?"

"तर ओरडेन. आवाज शाबूत आहे माझा."

दार लावून घेतलं. मी जिन्याच्या पायरीवर बसून प्रत्येक आवाज ऐकत होते. स्टूल सरकल्याचा. मग्याचा. दांडीवर हात पडल्याचा.

६ मार्च

आजही दार बंद. पाठीला साबण लावते म्हटलं तर आतून, "लांब दांड्याचा ब्रश आणलाय फटाफटने." म्हणजे या दोघींचं परस्पर ठरतं आता!

कपडेही स्वतःच घालून बाहेर आल्या. दमल्या होत्या. मी हात पुढे केला, तो धरला नाही.

खरं लिहायचं तर लागलं मला. एवढं सगळं मी केलं, आणि मीच दाराबाहेर. काही चुकलं का माझं? इतकी वर्षं दोघींत पडदा नव्हता.

८ मार्च

चहा त्यांनी केला. एक हात ओट्यावर, एक पातेल्यावर. मी उठले तर "बस" म्हणाल्या. पोहायला आलेल्या मुलांना म्हणत असतील त्याच सुरात. बसले.

चहा गोड झाला होता. पूर्ण प्यायले.

१० मार्च

आज आंघोळीआधी मला म्हणाल्या, तू दुकानात जा, थांबू नकोस. उगाच रेंगाळले तर दारापर्यंत घालवायला आल्या. वॉकर नाही, नुसती काठी. दिवसभर फोन हातात धरून होते. आला नाही.

११ मार्च

मी दुकानात मागे कापड मोजत असताना आईंनी मालकीणबाईंना फोन केला. संध्याकाळी मी अजून चपला काढत होते, तेवढ्यात सांगून मोकळ्या झाल्या. "पहिल्या तारखेपासून तू तिकडे. मी हो कळवलंय." मी तोंड उघडलं, तर हाताने थांबवलं.

"दार लावून आंघोळ कशासाठी करत होते मी, तुला काय वाटलं?"