फ्यूजला गुंडाळलेली चांदी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गाड्यांचं वायरिंग, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. फुप्फुसं कामातून गेली आहेत, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. बायकोचं मत वेगळं आहे, ते ग्राह्य धरू नये.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव बायकोला. चाळीस वर्षं तिने माझा तापटपणा सोसला, त्या मानाने हे काहीच नाही.

२. जावयाला हत्यारांपैकी एक स्क्रूही देऊ नये. माझ्या मीटरने त्याने भिंतीत खिळा ठोकला होता.

३. वर्कशॉप, सगळी हत्यारं आणि टेस्टिंगचा दिवा माझ्या धाकट्या भावाला. दिवा त्यानेच बनवलेला आहे. उडालेला फ्यूज काढायचा, त्या जागी दिवा लावायचा आणि एकेक वायर सोडवत जायचं. जी सोडवल्यावर दिवा विझेल, शॉर्ट तिच्यात. याला धीर लागतो. तो त्याच्याकडे होता, माझ्याकडे कधीच नव्हता.

४. हे कलम चौकात मोठ्याने वाचावं.

बावीस वर्षांपूर्वी मास्तरांची जुनी गाडी आली, कापडी वेष्टनाच्या वायरींची. मागच्या दिव्यांचा फ्यूज सारखा उडत होता. धाकट्याला एक वायर सोललेली दिसली, तिला त्याने टेप मारली. फ्यूज पुन्हा उडाला. तो म्हणाला, "दादा, फ्यूज उगाच उडत नाही. दोन दिवस दे, मागची सगळी लाइन उकलतो." मी मास्तरांना संध्याकाळचा शब्द दिला होता. धाकटा जेवायला गेला तेवढ्यात मी फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, म्हणजे वायर कितीही तापली तरी तो करंट तोडणार नाही. दिवे लागले. तो आल्यावर म्हणालो, "तुझीच टेप लागू पडली की रे!" तो हसला आणि त्याने कामाच्या कार्डावर सही केली.

तिसऱ्या दिवशी गाडी भर रस्त्यात पेटली. मास्तर आत होते.

जळालेला सांगाडा मी एकट्याने पाहिला. धाकट्याला तिकडे बघवेना. डिकीच्या पत्र्याला घासून वायर वितळली होती, शेजारीच पेट्रोलची टाकी. टेप तिथून चार हात लांब. फ्यूज पुढे होता, तिथवर आग पोचली नव्हती. तो मी खिशात घातला. मास्तरांची मुलगी भर चौकात धाकट्याच्या अंगावर थुंकली, तेव्हा मी शेजारी पाना पुसत उभा होतो.

धाकट्याने पुन्हा वायरीला हात लावला नाही. आज तो एका गोदामावर पहारा करतो. टेप आपणच नीट मारली नाही, असं त्याला अजून वाटतं. त्याचा हात चुकला नव्हता. मास्तर माझ्यामुळे गेले.

५. तो फ्यूज चांदीसकट तंबाखूच्या डबीत आहे. धाकट्याला द्यावा. तो माझ्या मातीला आला नाही तर त्याला कोणी बोल लावू नये.

६. साक्षीला मास्तरांच्या मुलीला मुद्दाम बोलावलं आहे. पूर्ण वाचल्याशिवाय तिने सही करू नये. तोंडाने सांगायची माझी छाती झाली नाही.

ठिकाण: वर्कशॉप. दिनांक: १४ मार्च.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: शेजारचा पंक्चरवाला (सही)

साक्षीदार २: मास्तरांची मुलगी (सही)
वाचलं. तुम्ही मरेपर्यंत मी थांबणार नाही. धाकट्या काकांचा पत्ता द्या.